आठ मैलांच्या रस्त्यावरील डावे वळण

डेट्रॉइट शहराच्या उत्तर सीमेवरून पूर्वपश्चिम गेलेला, आणि शहराच्या मध्यबिंदूपासूनच्या अंतरावरून ‘एट माइल रोड’ हे नाव पावलेला जो विस्तीर्ण रस्ता आहे, त्यावरून काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याच्या मोटारीत त्याच्या शेजारी बसून चाललो होतो. आम्हांला लिव्हर्नॉय नावाच्या रस्त्याला डावीकडे वळावयाचे होते, हे मला नकाशावरून ठाऊक होते; परंतु चौक आला, सिग्नलला हिरवा दिवा होता, आणि भाच्याने वेगही कमी न करता मोटार सरळ पुढे काढली. “अरे, चौक मागे राहिला,” असे मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, “राहू दे मामा. इथे डावीकडे जायचं तर आधी सरळ जावं लागतं.” चौकापासून सुमारे दोनशे मीटर पुढे गेल्यावर, जाणाऱ्या आणि येणाऱ्या रहदारीला विभागणाऱ्या हिरवळीच्या रुंद पट्ट्यात एक वाट कापून ठेवलेली होती, तीत शिरून त्याने मोटार पूर्ण उलट फिरवली, समोरच्या रहदारीत मिसळून तो त्याच चौकात परत आला, आणि तेथे उजवीकडे वळून आम्ही इष्ट रस्त्याला लागलो. डावीकडे जाण्यासाठी सरळ जाणे, मागे फिरणे आणि मग उजवीकडे वळणे हा द्राविडी प्राणायाम कोणत्या कारणाने लोकांच्या माथी मारला असावा, असा प्रश्न त्या क्षणी मला पडला; आणि त्याचे उत्तर शोधता शोधता चौकाच्या रचनेचे जे शास्त्र हाती लागले, ते मला इतके मोलाचे वाटले की ते मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडावे असे मनाने घेतले.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेत रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे तेथे उजवीकडे वळणे हे सोपे काम आणि डावीकडे वळणे हे संकटाचे काम होय; आपल्याकडे रहदारी डाव्या बाजूने चालत असल्याने हीच गोष्ट आरशातल्याप्रमाणे उलट होते, आणि तेथील डाव्या वळणाविषयी जे जे सांगावयाचे ते आपल्या उजव्या वळणास तंतोतंत लागू पडते. उजव्या बाजूने चालण्याचा अमेरिकेतील दस्तूर पेनसिल्व्हेनिया राज्याने १७९२ साली एका रस्त्यापुरता कायद्यात आणला, न्यूयॉर्क राज्याने १८०४ साली त्याचे अनुकरण केले, आणि त्याचे मूळ त्या काळच्या अवजड मालगाड्यांत असल्याचे सांगतात. त्या गाड्यांचा हाकणारा डाव्या बाजूच्या घोड्यावर बसे किंवा डाव्या बाजूने पायी चाले, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकावर नजर ठेवण्यासाठी ती आपल्या डाव्या हातास असणे त्याला सोयीचे पडे. (बाजू निवडण्याच्या या बाबतीत शेजाऱ्याशी जुळते घ्यावेच लागते, याचे एक उदाहरण आपल्या गोव्याचे आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपली रहदारी उजव्या बाजूस वळवली, परंतु जमिनीच्या बाजूने ब्रिटिश हिंदुस्थानाच्या रस्त्यांना जोडलेल्या गोव्यात तो बदल लागू केला नाही. तेथे डावी बाजूच कायम राहिली.)

आता चार रस्ते एकत्र येणारा साधा चौक कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येक रस्त्याला जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन मार्गिका आहेत, आणि प्रत्येक बाजूने येणाऱ्या वाहनास डावीकडे, सरळ आणि उजवीकडे जाण्याची मुभा आहे. कागदावर या बाराही मार्गांच्या रेषा काढल्या, तर ज्या ज्या ठिकाणी एका वाहनाचा मार्ग दुसऱ्याच्या मार्गास स्पर्श करतो अशी ३२ स्थाने सापडतात. वाहतूक-अभियंते त्यांना संघर्षबिंदू म्हणतात. त्यांपैकी ८ ठिकाणी मार्ग एकमेकांपासून फुटतात, ८ ठिकाणी एकमेकांत मिसळतात, आणि उरलेल्या १६ ठिकाणी ते एकमेकांस छेदतात. फुटण्याच्या किंवा मिसळण्याच्या जागी टक्कर झालीच, तर दोन्ही वाहने साधारणतः एकाच दिशेने चाललेली असल्यामुळे आघात सौम्य असतो. माणसे दगावतात ती मुख्यतः छेदनाच्या जागी, जेथे एक वाहन दुसऱ्याच्या कुशीत किंवा समोरासमोर घुसते. या १६ छेदनांचा हिशेब मांडला असता असे दिसते की सरळ जाणाऱ्या रहदारीने परस्परांस छेदण्याची स्थाने केवळ ४ आहेत. बाकीची १२ एकट्या डाव्या वळणाने निर्माण केलेली आहेत. याच्या उलट उजवे वळण कोणासही छेदत नाही. चौकातील डावे वळण बंद केले तर छेदनांचे तीन चतुर्थांश एका फटक्यात नाहीसे होतात, हे या आकृतीतून निघणारे अनुमान पुढील साऱ्या योजनांचा पाया आहे.

परंतु रेषांची संख्या ही अर्धीच हकीकत झाली. डावे वळण घेणाऱ्या माणसाच्या मनावर त्या वेळी जे ओझे पडते, त्याचा विचार केल्यावाचून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. चौकाच्या मध्यावर तो उभा असतो. समोरून ताशी ७०-७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, या वेगाने वाहने येत असतात. आणि त्यांच्या ओघात आपण पार होऊ शकू एवढी मोकळीक केव्हा मिळते याची तो वाट पाहत असतो. अभियंत्यांच्या कोष्टकात ही पुरेशी मोकळीक साडेचार सेकंदांच्या आसपास धरलेली असते. याचा अर्थ असा की समोरचे वाहन शंभर मीटरांच्या आत आहे की बाहेर, आणि त्याचा वेग काय आहे, या दोहोंचा निर्णय त्याने क्षणार्धात द्यावयाचा असतो. मनुष्याचा नेत्र डोळ्यांसमोरून आडव्या जाणाऱ्या वस्तूचा वेग बऱ्यापैकी ओळखतो. पण सरळ आपल्या रोखाने येणाऱ्या वस्तूच्या वेगाचा अंदाज त्याला केवळ तिचा आकार मोठा होत जाण्यावरून करावा लागतो, आणि शंभर मीटरांवर ती वाढ इतकी सूक्ष्म असते की अंदाज हमखास चुकतो. वस्तू जितकी लहान तितकी ती दूर भासते. म्हणून मोटारसायकलस्वार या चुकीचा पहिला बळी ठरतो. मोटारसायकल आणि दुसरे एखादे वाहन यांच्यातील प्राणघातक टकरींपैकी ४० टक्क्यांहून अधिक टकरींत दुसरे वाहन डावीकडे वळत होते आणि मोटारसायकल सरळ चालली होती, असे अमेरिकेच्या संघराज्यीय रस्ता-सुरक्षा खात्याचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्याच खात्याने चौकांतील अपघातांच्या कारणांचा जो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला, त्यात २२ टक्के अपघातांत निर्णायक घटना डावे वळण ही होती. उजव्या वळणाच्या वाट्यास जेमतेम १ टक्का आला.

या ओझ्यात रस्ता स्वतः भर घालतो, हे विशेष खेदाचे आहे. समोरासमोरच्या दोन्ही रस्त्यांवरून डावीकडे वळू पाहणारी वाहने चौकात एकमेकांपुढे तोंड करून उभी राहिली, म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या दृष्टीआड सरळ येणारी रहदारी लपवून ठेवतो. समोर एखादा मालट्रक उभा असेल तर त्याच्या पाठीमागून काय येत आहे हे देवालाच ठाऊक. यावर उपाय इतका साधा आहे की तो सुचण्यास इतका काळ का लागावा याचे आश्चर्य वाटते: वळणाऱ्यांसाठी राखलेली मार्गिका दुभाजकाच्या बाजूस थोडी अधिक सरकवून आखावयाची, म्हणजे समोरासमोरची दोन वाहने एकमेकांच्या रेषेत न राहता बाजूबाजूस राहतात आणि दोघांनाही पलीकडचे दिसते. एक-दीड मीटर रंगाचे पट्टे सरकवल्याने हे साधते. वृद्ध माणसांची दृष्टी आणि निर्णयशक्ती मंदावलेली असते व डाव्या वळणाच्या अपघातांत त्यांचे प्रमाण अधिक आढळते, म्हणून त्यांच्यासाठी हा उपाय मोठाच आधार आहे. वळणाच्या मार्गिकेची लांबीही हिशेबाने ठरवावी लागते. ती अपुरी पडली तर वळणाऱ्यांची रांग मागे सरळ जाणाऱ्यांच्या मार्गिकेत पसरते, आणि ज्यांना वळावयाचेच नाही तेही तिच्यामागे अडकून पडतात.

सिग्नलच्या दिव्यांनी हा प्रश्न सुटावयास हवा होता, असे कोणालाही वाटेल. वळणाऱ्यांना हिरवा बाण दाखवावा आणि तेवढा वेळ समोरच्यांना तांबड्या दिव्याने थोपवून धरावे, म्हणजे निर्णयाचे ओझेच उतरते. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय उत्तम आहे. पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. सिग्नलची प्रत्येक पाळी सुरू होताना पहिली वाहने हलण्यात आणि संपताना चौक रिकामा होण्यात मिळून सुमारे ४ सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. दोन पाळ्यांच्या सिग्नलात असे ८ सेकंद वाया जातात. दोन्ही रस्त्यांच्या डाव्या वळणांसाठी स्वतंत्र पाळ्या दिल्या की पाळ्या चार होतात आणि १६ सेकंद वाया जातात. दोन मिनिटांचे आवर्तन धरले तर तासाला तीस आवर्तने होतात, म्हणजे चार मिनिटे अधिक अशी जातात की ज्यांत चौक असूनही नसल्यासारखा असतो. शिवाय बाणाच्या पाळ्यांचा जो वेळ जातो, तो सरळ जाणाऱ्यांच्या वाट्यातून कापून घेतलेला असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी बाण न देता नुसता हिरवा गोल दिवा देतात, आणि वळणाऱ्याने समोरच्यांना वाट देऊन मग फट सापडेल तसे वळावे असा नियम करतात. हा हिरवा गोल दिवा फसवा आहे. सरळ जाणाऱ्यास तो ‘वाट तुझी आहे’ असे सांगतो आणि वळणाऱ्यास ‘वाट समोरच्याची आहे’ असे सांगतो; एकाच दिव्याने दोन परस्परविरुद्ध आज्ञा द्याव्यात, आणि परक्या गावच्या थकलेल्या मोटारचालकाने त्यांतून आपली तेवढी नेमकी उचलावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

याहूनही घातक असा एक सापळा दिव्यांच्या क्रमात दडलेला असे, आणि तेथील अभियंते त्याला ‘पिवळा सापळा’ म्हणूनच ओळखतात. समजा, उत्तरेकडे जाणारा एक मनुष्य डावीकडे वळण्यासाठी चौकात येऊन उभा आहे. त्याच्यापुढचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला. समोरच्यांनाही याच क्षणी पिवळा लागला असेल आणि ते थांबतील, असे तो सहजच गृहीत धरतो व वळण पुरे करू लागतो. परंतु सिग्नलची आखणी अशी असते की समोरच्या बाजूस शेवटी बाण द्यावयाचा असल्याने तिकडचा हिरवा दिवा चालूच आहे. आणि समोरचा मनुष्य पूर्ण अधिकाराने, पूर्ण वेगाने येत आहे. दोघांनीही कायदा पाळलेला असतो आणि दोघेही आदळतात. या सापळ्यातून सुटण्यासाठी प्रथम टेक्सासमधील डॅलस शहरात दिव्यांची एक निराळी मांडणी निघाली. पुढे दीर्घ संशोधनानंतर लुकलुकणारा पिवळा बाण पुढे आला. ‘वळू शकता, पण समोरच्यांना वाट देऊन’ हा अर्थ सांगण्यासाठी तो केवळ वळणाऱ्यांपुरता लावला जातो, आणि समोरच्यांची पाळी संपेपर्यंत तो लुकलुकत राहतो, त्यामुळे सापळा उरतच नाही. २००९ साली अमेरिकेच्या संघराज्यीय वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत त्याला अधिकृत स्थान मिळाले. एका साध्या बाणाच्या मागे इतक्या वर्षांची खटपट आहे, हे त्या दिव्याखाली उभ्या राहणाऱ्या किती लोकांना ठाऊक असेल!

आता पुन्हा एट माइल रोडकडे वळू. मोटारीच्या धंद्याने ज्या शहराला नावारूपास आणले त्या डेट्रॉइटात रस्त्यांचे प्रश्न इतरांच्या आधी उभे राहिले यात नवल नाही. वुडवर्ड ॲव्हेन्यूचा एक मैलाचा तुकडा १९०९ साली काँक्रीटचा झाला तो याच शहरात, आणि चारी बाजूंस तीन रंगांचे दिवे दाखवणारा सिग्नल विल्यम पॉट्स या पोलीस अंमलदाराने १९२०च्या सुमारास उभारला तोही येथेच. १९२०च्या दशकात या शहराभोवती २०४ फूट रुंदीच्या महामार्गांची एक मोठी योजना आखली गेली होती, आणि त्या रस्त्यांच्या मध्यभागी भावी रेल्वेसाठी जागा राखावी अशी तजवीज तीत होती. ती रेल्वे कधी आली नाही. पण त्या योजनेच्या प्रभावाने बांधलेल्या रस्त्यांमधून रुंद हिरवे पट्टे शिल्लक राहिले. चाळीस वर्षांनंतर चौकांतील डाव्या वळणांनी रहदारी तुंबू लागली, तेव्हा या पट्ट्यांचाच उपयोग करून १९६०च्या दशकाच्या प्रारंभी एट माइल रोड आणि लिव्हर्नॉय यांच्या चौकात डावे वळण बंद करण्यात आले व वर वर्णिलेली उलट फिरण्याची वाट देण्यात आली. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्याच्या नावावरून आज तिला ‘मिशिगन लेफ्ट’ म्हणतात. माझ्या भाच्याने मला ज्या चौकातून नेले तो योगायोगाने या कल्पनेचे जन्मस्थानच होता, हे मला मागाहून वाचनात कळले.

या योजनेने काय साधले ते नीट पाहण्यासारखे आहे. मुख्य चौकात डावे वळण उरले नाही, त्यामुळे सिग्नलच्या पाळ्या चारांऐवजी दोनच राहिल्या. संघर्षबिंदू ३२ चे १६ झाले. आणि समोरच्यांच्या ओघातून पार जाण्याचे जे कठीण काम चौकाच्या गर्दीत, पादचारी आणि आडवी रहदारी यांच्यावर नजर ठेवून करावे लागत होते, ते चौकापासून दूर, एकाच दिशेच्या रहदारीत मिसळण्याच्या सोप्या कामात रूपांतरित झाले. आडव्या लहान रस्त्यावरून येऊन डावीकडे जाऊ पाहणाऱ्याने प्रथम उजवीकडे वळावे, त्याच वाटेने उलट फिरावे आणि सरळ जावे, अशी त्याचीही सोय लागते. मिशिगनच्या परिवहन खात्याने आपल्या अनुभवावरून चौकाची क्षमता २० ते ५० टक्के वाढल्याचे आणि अपघात ३० ते ६० टक्के कमी झाल्याचे नमूद केले आहे. वळणाऱ्यास चारशे मीटर अधिक चालावे लागते हे खरे. पण बाणाची वाट पाहत ताटकळण्याचा वेळ वाचत असल्याने तो बहुधा उशिरा पोहोचत नाही. अट एकच, आणि ती कठोर आहे: लांब मालट्रकला एका दमात फिरता यावे एवढा, म्हणजे सुमारे ६० फूट रुंद, दुभाजक हवा, तो नसेल तर वळणाच्या ठिकाणी रस्त्याच्या पलीकडच्या कडेस फुगवटा देऊन जागा करावी लागते.

इतर राज्यांनी आपापल्या जमिनीप्रमाणे आणि पैशाप्रमाणे निराळे मार्ग काढले. न्यू जर्सीत दुभाजक अरुंद. म्हणून तेथे डावीकडे जाणाऱ्यास उजव्या हाताच्या मार्गिकेतून बाहेर काढून, कपाच्या कानासारख्या वाकड्या जोडरस्त्याने फिरवून आडव्या रस्त्यावर आणून सोडतात, आणि तेथून तो सिग्नलच्या दिव्यावर सरळ पार होतो. एडिसन आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांना ‘सर्व वळणे उजव्या मार्गिकेतून’ ही पाटी रोजची परिचयाची आहे. नव्याने आलेला माणूस मात्र डाव्या मार्गिकेत राहून चुकतो आणि मैलभर पुढे वाहत जातो. उत्तर कॅरोलिनासारख्या राज्यांत ग्रामीण महामार्गांवर आडव्या रस्त्याला सरळ पार जाण्याचीही मनाई करून सर्वांनाच उजवीकडे वळवून उलट फिरवतात. तेथे संघर्षबिंदू १४ वर येतात. लुइझियानाच्या बॅटन रूज शहरात २००६ साली एका चौकात डावीकडे वळणाऱ्यांना चौकाच्या काहीशे फूट अलीकडेच समोरच्या रहदारीच्या पलीकडे नेऊन सोडण्याची व्यवस्था झाली, म्हणजे चौकात पोहोचेपर्यंत ते योग्य बाजूस आलेले असतात आणि सरळ जाणाऱ्यांबरोबरच त्यांनाही निर्वेध वळता येते.

या सर्वांत बुद्धीला चकित करणारी योजना उड्डाणपुलाखालच्या किंवा पुलावरच्या चौकांसाठी आहे. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९७०च्या दशकातच ती प्रत्यक्षात आली होती. पण अमेरिकेत गिल्बर्ट क्ल्युइकी या विद्यार्थ्याला मेरीलँड विद्यापीठात शिकत असताना ती स्वतंत्रपणे सुचली. पुलावर पोहोचताच दोन्ही दिशांची रहदारी सिग्नलवर एकमेकांस ओलांडून आपापल्या डाव्या बाजूस जाते, म्हणजे पुलापुरती अमेरिका आपल्यासारखी डावीकडून चालू लागते. आणि डाव्या बाजूने चालणाऱ्यास डावे वळण हे कोणासही न छेदणारे, आपल्याकडच्या डाव्या वळणाइतके निर्धोक झालेले असते. मिझूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे २००९च्या जून महिन्यात असा पहिला अमेरिकन पूल वाहतुकीस खुला झाला. चालकांचा गोंधळ उडेल ही भीती फोल ठरली, कारण कठड्यांचा आणि दिव्यांचा रोख असा ठेवलेला असतो की चुकीच्या बाजूस जाणेच कठीण व्हावे.

आणि तरीही, ज्या चौकांत रहदारी मध्यम आहे तेथे या साऱ्या खटाटोपापेक्षा वर्तुळाकार चौक श्रेष्ठ आहे, असे माझे मत झाले आहे. वर्तुळ जुनेच, न्यूयॉर्कचे कोलंबस सर्कल १९०५ सालचे. परंतु जुन्या वर्तुळांत आत शिरणाऱ्यास प्राधान्य असे, त्यामुळे गर्दी वाढली की आतील वाहने बाहेर पडू शकत नसत आणि सारे वर्तुळ गोठून जाई. ब्रिटनने १९६६ साली नियम उलटा केला: आत फिरणाऱ्यास प्राधान्य, शिरणाऱ्याने थांबावे. एवढ्या एका वाक्याच्या बदलाने जुने वर्तुळ जिवंत झाले. अशा चौकात एकेरी मार्गिका असेल तर संघर्षबिंदू केवळ ८ उरतात आणि छेदनबिंदू एकही उरत नाही. डावे वळण म्हणजे वर्तुळाची पाऊण फेरी होते. आणि प्रवेशाची वाट मुद्दाम वाकडी ठेवलेली असल्याने प्रत्येकास ताशी ३०-४० किलोमीटरांवर यावेच लागते, म्हणून चूक झाली तरी तिची शिक्षा मृत्यू ही नसते. सिग्नल किंवा थांब्याच्या पाट्या असलेले अमेरिकेतील वीसेक चौक वर्तुळाकार केल्यावर जखमी करणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्याचे तेथील विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात आढळले. इंडियाना राज्यातील कार्मेल या लहान शहराने जेम्स ब्रेनार्ड यांच्या महापौरपदाच्या काळात दीडशेच्या आसपास वर्तुळाकार चौक बांधले. मात्र फार मोठ्या रहदारीला वर्तुळ पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

व्यापाऱ्यांनी या प्रश्नाचा हिशेब आपल्या परीने केला आहे. पार्सले पोहोचवणारी युनायटेड पार्सल सर्व्हिस ही कंपनी आपल्या गाड्यांचे रोजचे मार्ग अशा बेताने आखते की डावी वळणे होईल तेवढी टळावीत; वाट लांब झाली तरी चालेल, पण चौकात इंजिन चालू ठेवून उभे राहणे नको.

मोटारींचा हा विचार करताना पायी चालणाऱ्याचे स्मरण सुटू देता कामा नये, आणि पुष्कळ अभियंत्यांनी दीर्घकाळ ते सुटू दिले, ही या शास्त्राची मोठी उणीव आहे. डावीकडे वळणारा चालक समोरच्या रहदारीतील फट शोधण्यात पूर्ण गुंतलेला असतो. फट सापडताच तो झपाट्याने वळतो, आणि ज्या रस्त्यात तो शिरतो त्याच रस्त्यावर त्याच हिरव्या दिव्याच्या आधाराने कोणीतरी मुलाचा हात धरून चाललेला असतो. भरीस भर, मोटारीच्या काचेला आधार देणारा डाव्या बाजूचा खांब नेमका त्या पादचाऱ्यास झाकतो. न्यूयॉर्क शहराच्या परिवहन विभागाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डाव्या वळणांनी मारले गेलेले पादचारी आणि सायकलस्वार उजव्या वळणांच्या दुपटीहून अधिक निघाले. त्यानंतर त्या शहराने रस्त्याच्या मध्यरेषेवर, चौकाच्या तोंडाशी, रबराचे आणि प्लास्टिकचे छोटे अडसर बसवण्यास आरंभ केला, जेणेकरून चालकास कोपरा कापून वेगाने न वळता काटकोनात, सावकाश वळावे लागावे. आणि अनेक सिग्नलांवर पादचाऱ्यांना वाहनांच्या काही सेकंद आधी चालू लागण्याची संधी दिली, म्हणजे वाहन वळेपर्यंत ते रस्त्याच्या मध्यावर, सहज दिसतील असे आलेले असतात. यास खर्च नगण्य येतो. कोट्यवधींच्या उड्डाणपुलांपेक्षा या रबरी अडसरांची किंमत मला अधिक वाटते.

आपल्या शहरांतही चौक तुंबला की वाहतूक पोलीस उजवे वळण बंद करतात, लोखंडी अडथळे लावतात आणि लोकांना पुढे जाऊन ‘यू-टर्न’ घेण्यास सांगतात. तत्त्व मिशिगनचेच आहे, पण साठ फुटांचा पट्टा नाही. दोन-तीन फुटांच्या दुभाजकाच्या फटीतून बस वळू लागली की ती दोन्ही बाजूंच्या मार्गिका अडवून उभी राहते, वळणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका नसल्याने मागची रांग सरळ रहदारीत पसरते, आणि फट लांब पडली की दुचाकीवाले उलट दिशेने येऊ लागतात. चौकातील संकट अशा वेळी नाहीसे होत नाही, दोनशे मीटरांवर हलवले जाते. जेथे जागा आहे तेथे वळणासाठी फुगवटा आणि राखीव मार्गिका देऊनच उजवे वळण बंद करावे, आणि जेथे जागा नाही तेथे ते बंद न करता सिग्नलवर स्वतंत्र बाण द्यावा, एवढी विनंती आपल्या महानगरपालिकांच्या पथविभागांना करावीशी वाटते.

मुलाबाळांकडे अमेरिकेत जाऊन तेथे मोटार चालवण्याचा प्रसंग ज्या वाचकांवर येईल, त्यांना एक गोष्ट सांगतो. ती माझ्या भाच्याने त्या दिवशी मला सांगितली. चौकाच्या मध्यावर डावीकडे वळण्याची वाट पाहत उभे असताना सुकाणूचे चाक आधीच डावीकडे फिरवून ठेवू नये, मोटारीची चाके सरळ ठेवावीत. मागून कोणी धडकले, तर सरळ चाकांची मोटार पुढे जाते. वळवलेल्या चाकांची मोटार समोरून येणाऱ्या रहदारीत ढकलली जाते. आपल्याकडे उजवीकडे वळतानाही हेच करावे.